रेस किती, गिअर कोणता?

सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचा हंगाम सुरू झाला की पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचे गठ्ठे भरताना, सांगोल्याकडून डाळिंबाचे क्रेट आणताना एक प्रश्न हमखास निघतो: गाडी लवकर टॉपला टाकली की डिझेल वाचतं, हे खरं का?

मालकाचं म्हणणं असतं की रेस कमी तेवढं डिझेल कमी. त्यामुळे ड्रायव्हरने तिशी-चाळिशीतच चौथा-पाचवा गिअर टाकावा, असा त्याचा आग्रह असतो. काही ड्रायव्हरांचं मत याच्या उलट: गाडी अधूनमधून ताणावी, म्हणजे इंजिन मोकळं होतं. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. चुकीच्या जागी लावलं तर तेच म्हणणं इंजिनाच्या मुळावर येतं. डिझेल इंजिनाला वेगाची मर्यादा दोन्ही टोकांना असते. वरच्या टोकाची राखण गाडीतली यंत्रणा करते, तीही पूर्ण नाही. खालच्या टोकाला ड्रायव्हरचा कान आणि पाय एवढीच राखण. हे प्रकरण त्या दोन टोकांबद्दल आहे.

१. मिनिटाला किती फेरे?

इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड पोलादी दांडा फिरतो. पिस्टन वरखाली होतात आणि त्यांच्या हालचालीने हा क्रँक गरगर फिरत राहतो. एका मिनिटात त्याचे किती फेरे झाले, तो आकडा म्हणजे आरपीएम. डॅशबोर्डवर ज्या काट्यासमोर १, २, ३, ४ असे आकडे असतात, त्यांना हजाराने गुणायचं. ड्रायव्हर ज्याला रेस म्हणतात, ती हीच.

आता तीन आकडे शेजारी ठेवू. स्प्लेंडर मोटारसायकल आपली पूर्ण ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर देते. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचं, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचं, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन १६ हॉर्सपॉवर देत होतं, ३,२०० फेऱ्यांवर. महिंद्रा बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन सुमारे ७५ हॉर्सपॉवर देतं, तेही ३,२०० वरच. हत्ती आणि बोलेरो यांच्या ताकदीत साडेचार पटींहून जास्त फरक आहे, तरी दोघांची पूर्ण ताकद एकाच आकड्याला येते. पेट्रोलची इवलीशी मोटारसायकल मात्र त्यांच्या अडीच पट वेगाने फिरते. मग डिझेल इंजिन इतक्या लवकर का थांबतं?

२. डिझेलला जळायला वेळ लागतो

पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा आधीच मिसळून सिलिंडरमध्ये येतात. प्लगची ठिणगी पडली की तयार मिश्रण भराभर पेटत जातं. डिझेलमध्ये प्लग नाही. तिथे आधी नुसती हवा आत घेऊन ती जवळजवळ सोळा-अठरा पट दाबतात. एवढ्या दाबाने हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. पण त्या फवाऱ्याच्या थेंबांची आधी वाफ व्हावी लागते, वाफ हवेत मिसळावी लागते आणि मगच ती जळते. म्हणजे मिसळणं आणि जळणं ही दोन्ही कामं आयत्या वेळी उरकायची.

त्यासाठी मिळणारा वेळ पाहा. ३,२०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा होतो सेकंदाच्या सुमारे ५३व्या भागात. त्या फेऱ्याचा साधारण आठवा हिस्सा हाच जळण्याचा कामाचा काळ धरला, तर हातात उरतात सेकंदाच्या हजार भागांपैकी सव्वादोन-अडीच भाग. यापेक्षा वेगाने फिरवलं तर बरंचसं डिझेल उशिरा जळतं. तोवर पिस्टन निम्मा खाली गेलेला असतो, त्याला ढकलायचं बळ त्या ज्वाळेत उरत नाही, आणि उष्णता फुकट सायलेन्सरवाटे निघून जाते.

दुसरं कारण वजनाचं. हवेचा एवढा दाब आणि त्यावर स्फोटाचा धक्का सहन करायचा, म्हणून डिझेलचा पिस्टन, त्याची पिन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळंच जाडजूड करावं लागतं. जड वस्तू वरखाली फिरवायची, तर प्रत्येक वेळी तिला थांबवून उलट दिशेला खेचावं लागतं. बोलेरो पिकअपच्या इंजिनात पिस्टन एका दमात १०१.६ मिलिमीटर, म्हणजे चार इंच धावतो. वरच्या टोकाला पोचला की थांबतो आणि लगेच खाली वळतो. ३,२०० आरपीएमला त्या वळणावर पिस्टनला बसणारी ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सातशे पटींच्या घरात जाते. पिस्टन, पिन, रिंगा मिळून एक किलो धरला, तर रॉडला जणू सातशे किलोचं वजन लटकलं, आणि तेही प्रत्येक फेऱ्यात.

ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, हे नीट लक्षात ठेवायला हवं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. वेग दीडपट झाला तरी ओढ सव्वादोन पट. म्हणून ३,२०० च्या इंजिनाला ३,५०० ला काही क्षण नेलं तर ते सहसा निभावतं, पण ५,००० ला नेलं तर गोष्ट वेगळी. या हिशेबाकडे सहाव्या भागात परत यायचं आहे.

३. वरच्या टोकाचा राखणदार

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय उचलला की झडप मिटते, हवा अडते, इंजिनाचा दम आपोआप कोंडतो. जुन्या पठडीतल्या डिझेलमध्ये अशी झडप नसते. हवा नेहमीच पूर्ण येते. कमीजास्त होतं ते फक्त डिझेल. याचा परिणाम गंभीर आहे. लोड नसताना डिझेल जास्त मिळत राहिलं, तर इंजिनाचा वेग वाढतच जाईल, कुठेतरी काहीतरी मोडेपर्यंत. म्हणून डिझेल इंजिनाला गव्हर्नर लागतोच.

विहिरीवरचं ऑईल इंजिन ज्यांनी पाहिलंय, त्यांनी गव्हर्नरचं काम कानाने ऐकलेलं आहे. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि तिची पाच हॉर्सपॉवरची, १,५०० आरपीएमची इंजिनं महाराष्ट्रभर शेतांवर पोचली. फुटव्हॉल्व्ह सुटून पंप हवा ओढायला लागला की इंजिनावरचा भार एकदम जातो, आवाज चढतो आणि क्षणभरात पुन्हा ठिकाणावर येतो. आत दोन वजनं फिरत असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि एका दांड्याने डिझेलची वाट बारीक करतात. वेग उतरला की वजनं आत येतात आणि वाट मोठी होते. एवढीच युक्ती, पण तिच्यावर डिझेलचं सगळं जग उभं आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला चाललं, तरी ते ट्रकवर सर्रास दिसायला अजून तीसेक वर्षं जावी लागली. इंजिन वेगात फिरत असताना दर फेऱ्याला डिझेलचा मोजका, बारीक फवारा मारणारा लहान पंप तयार व्हायचा होता. बॉश कंपनीने असा पंप १९२७ मध्ये कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन हळूहळू रस्त्यावर आलं.

आताच्या पिकअपमध्ये फिरणाऱ्या वजनांची जागा ईसीएम नावाच्या इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली आहे. सेन्सर क्रँकचा वेग मोजतो आणि ठरलेली हद्द आली की पेटी इंजेक्टरचा फवारा कमी करते किंवा थांबवते. म्हणूनच उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर तळाला दाबला तरी काटा एका ठिकाणी अडतो. ही हद्द पूर्ण ताकदीच्या आकड्यापेक्षा काहीशी वर ठेवलेली असते.

इथे एक गोंधळ दूर करू. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा बसवण्याचा नियम आहे. पुणे हायवेला ८० वर गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा बरेच जण म्हणतात की इंजिनाचा दम संपला. तसं नसतं. ८० ची अडवणूक चाकांच्या वेगावर आहे आणि आरपीएमची अडवणूक क्रँकच्या वेगावर. पाचव्या गिअरमध्ये ८० ला अडलेल्या गाडीचं इंजिन अगदी आरामात फिरत असतं. दुसऱ्या गिअरमध्ये मात्र ४० च्या आतच ते आपल्या हद्दीला टेकतं.

४. ओढ आणि ताकद

कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: टॉर्क आणि पॉवर. टॉर्क म्हणजे क्रँक किती जोराने पिळला जातोय. आपण त्याला ओढ म्हणू (दुसऱ्या भागात पिस्टनला बसणारी ओढ वेगळी). पॉवर म्हणजे ती ओढ किती वेगाने कामाला लागतेय. तिला ताकद म्हणू. ताकद काढायचं सूत्र सोपं आहे. ओढीला (न्यूटन-मीटरमध्ये) आरपीएमने गुणायचं आणि ९,५५० ने भागायचं. उत्तर किलोवॅटमध्ये येतं.

बोलेरो पिकअपची सर्वांत जास्त ओढ २०० न्यूटन-मीटर, आणि ती १,४०० पासून २,२०० आरपीएमपर्यंत मिळते. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात, पण चित्र हेच. आता हिशेब करू.

१,४०० ला: २०० गुणिले १,४०० भागिले ९,५५० म्हणजे सुमारे २९ किलोवॅट.
२,२०० ला: सुमारे ४६ किलोवॅट.
३,२०० ला कंपनी सांगते सुमारे ५६ किलोवॅट. उलट हिशेब केला तर तिथे ओढ १६७ पर्यंत उतरलेली दिसते.

मला या तीन ओळी फार मोलाच्या वाटतात. १,४०० वरून २,२०० ला गेलात तर ताकद दीडपटीहून जास्त वाढते. पण २,२०० वरून ३,२०० ला जाताना इंजिनाचा वेग ४५ टक्के वाढतो आणि ताकद मात्र जेमतेम २२ टक्के. बाकीचं डिझेल आवाजात, घर्षणात आणि उष्णतेत जातं. ‘गाडी ताणली की पळते’ हा पेट्रोलच्या मोटारसायकलवर शिकलेला अनुभव डिझेल पिकअपला लागू पडत नाही, तो यामुळे. तिचं खरं बळ मधल्या पट्ट्यात आहे.

५. लवकर टॉपला टाकण्याचा हिशेब

आता मालकाचं म्हणणं तपासू. गाडी रिकामी आहे, मोहोळ-टेंभुर्णीकडचा सपाट रस्ता आहे, तेव्हा लवकर वरचा गिअर टाकणं बरोबरच आहे. इंजिनाला थोडंसंच काम करायचंय. ते कमी फेऱ्यांत केलं तर आतलं घर्षण कमी होतं आणि डिझेल वाचतं. एवढ्यापुरतं मालकाचं बरोबर.

पण हौद्यात पूर्ण लोड आहे आणि गाडी तुळजापूरकडे निघाली आहे. सोलापूरचं मैदान मागे टाकून रस्ता बालाघाटच्या डोंगरावर चढतो. गाडी आणि माल मिळून साडेतीन टन, वेग ताशी ४० किलोमीटर, आणि चढ शंभर मीटरला सहा मीटर असा धरू. हे वजन त्या वेगाने वर न्यायला, टायरचा आणि गिअरबॉक्सचा हिस्सा धरून, इंजिनाकडून सुमारे ३० किलोवॅट लागतात.

इथे चाकाचं आणि गिअरचं गणित हवं. उदाहरणासाठी चाकाचा घेर २.२ मीटर, मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.५, आणि गिअर असे: दुसरा २.५, तिसरा १.५, चौथा सरळ १, पाचवा ०.८. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण पद्धत तीच. ४० च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये इंजिन फिरेल सुमारे १,३६० ला आणि तिसऱ्यात सुमारे २,०५० ला.

चौथ्यात १,३६० ला जास्तीत जास्त ताकद २८ किलोवॅट. गरज ३० ची. म्हणजे ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही गाडी हळूहळू मरत जाणार. वेग उतरला की आरपीएम १,४०० च्या आणखी खाली जातो, धुराच्या जोराने फिरणाऱ्या टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही, तो हवा कमी ढकलतो आणि ओढच घटते. तिसऱ्यात २,०५० ला ४३ किलोवॅट हाताशी आहेत. गरज ३० ची, शिल्लक १३. गाडी आवाज थोडा जास्त करेल, पण चढेल.

मार्केट यार्डात हमाल पाठीवर कांद्याचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, तेव्हा त्याची पावलं पाहा. तो लांब ढांगा टाकत नाही. लहान पावलं, भराभर. लांब ढांगेत एका पायावर सगळा भार जास्त वेळ राहतो आणि गुडघा जातो. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटलेल्या इंजिनाचं तेच होतं. दर स्फोटात जास्तीत जास्त डिझेल, पण स्फोटांची संख्या कमी. प्रत्येक धक्का मोठा, आणि तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर बसतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो. क्रँक वेगाने फिरला की तो थर जाड आणि घट्ट राहतो. हळू फिरला की पातळ होतो. म्हणजे धक्का सर्वांत मोठा असताना संरक्षण सर्वांत कमी.

उष्णतेचंही तसंच. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. पाण्याचा पंप इंजिनाच्या वेगानेच फिरतो आणि बहुतेक पिकअपमध्ये पंखाही. तिसऱ्या गिअरमध्ये तो पंप चौथ्यापेक्षा दीडपट पाणी फिरवतो. म्हणून चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एक गिअर खाली टाकणं हा पहिला उपाय, आणि तो बऱ्याचदा पुरतो. ‘आधीच तापलीय, अजून रेस कशाला’ ही समजूत उलटी आहे.

मग डिझेल? तळाला दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर, हवा कमी असताना, जास्तीचं डिझेल नीट जळत नाही. मागून काळा धूर येतो, तो अर्धवट जळलेल्या डिझेलचाच. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकींत काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता काही वेळ टिकावी लागते. दिवसभर गल्लीबोळातून हळूहळू, रेटत चालवलेल्या गाडीत ही गाळणी वारंवार तुंबते, आणि मग मालकाने वाचवलेले डिझेलचे पैसे वर्कशॉपमध्ये जातात.

इंजिन रेटलं जातंय हे कसं ओळखायचं? पाय आणखी दाबला तरी वेग वाढत नाही. गिअरचा दांडा थरथरतो. आवाज जड, ठोकल्यासारखा येतो आणि केबिन हादरते. यातलं पहिलंच लक्षण दिसलं की गिअर खाली टाकायचा, बाकीच्यांची वाट पाहायची नाही. आणि घाट सुरू होण्याआधी, वेग हातात असतानाच टाकायचा. निम्म्या चढावर गाडी मरत आल्यावर गिअर शोधणं म्हणजे हाफ क्लचवर गाडी तोलणं, आणि भरल्या गाडीची क्लच प्लेट जळते ती तिथेच.

६. राखणदार जिथे हतबल होतो

ईसीएमची पेटी डिझेल बंद करू शकते. पण चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर? तेव्हा डिझेलचा संबंधच उरत नाही.

पुन्हा तेच गणित घ्या. गाडी ६० ने चाललीये, चौथ्या गिअरमध्ये, इंजिन सुमारे २,०५० ला. पुढे गाडी आडवी आली, ड्रायव्हरने घाईत तिसरा टाकायचा म्हणून दुसरा टाकला आणि क्लच सोडला. दुसऱ्या गिअरमध्ये ६० चा वेग म्हणजे इंजिनाला ५,१०० फेरे. साडेतीन टनांची गाडी मागून ढकलतेय, इंजिनाला दुसरा मार्ग नाही. दुसऱ्या भागात काढलेली, रॉडला बसणारी सातशे किलोची ओढ आता अठराशे किलोच्या घरात जाते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा एवढ्या वेगाने व्हॉल्व्ह मिटवू शकत नाहीत. अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची गाठ पडली की इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. ईसीएमने डिझेल केव्हाच बंद केलेलं असतं, पण उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक गिअरचा वरचा वेग ड्रायव्हरला पाठ हवा.

याच गुणाचा योग्य वापर म्हणजे उतारावर इंजिनाने गाडी धरणं. वाशीच्या मार्केटला डाळिंब घेऊन खंडाळ्याचा घाट उतरताना तिसरा गिअर टाकून पाय उचलला, तर चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. ब्रेक थंड राहतात. आणि डिझेल? गिअरमध्ये असताना, पाय पूर्ण उचललेला असताना, आजच्या इंजिनात इंजेक्टर पूर्ण बंद असतात. त्या वेळी डिझेल शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहायचं असतं, म्हणून थोडं डिझेल लागतंच. न्यूट्रल मारून उतरणारा डिझेल वाचवत नाही, खर्च करतो, आणि वर सगळा भार ब्रेकवर टाकतो.

काही जण तर इंजिनच बंद करतात. तसं केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही काही दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली. उताराला इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तेव्हा पोलिसांच्या तपासातून सांगण्यात आलं. थोड्या डिझेलसाठी माणसांचे जीव पणाला लावणारी ही सवय मोडलीच पाहिजे, आणि ती मोडायची जबाबदारी ड्रायव्हरइतकीच ॲव्हरेजवरून त्याला बोलणाऱ्या मालकाची आहे.

राखणदार हतबल होण्याचा आणखी एक प्रसंग क्वचित येतो. टर्बोचं सील गेलं की इंजिनाचं ऑईल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं आणि डिझेलसारखं जळतं. इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळत सुटतं. किल्ली काढली तरी थांबत नाही. अशा वेळी गाडी उभी असेल तर टॉप गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. बॉनेट उघडून वाकून बघत बसू नका.

७. काटाच नसेल तर

अनेक जुन्या पिकअपमध्ये आरपीएमचा काटाच नाही. हरकत नाही. वर धरलेल्या गाडीसाठी १,४०० ते २,२०० चा पट्टा किलोमीटरमध्ये मांडला तर तिसरा गिअर साधारण २७ ते ४३, चौथा ४१ ते ६४, पाचवा ५१ ते ८० असा निघतो. म्हणजे भरल्या गाडीला पन्नाशीच्या आत पाचवा टाकूच नये. आणि ३,२०० ची हद्द? दुसऱ्याला ३७, तिसऱ्याला ६२. या वेगांच्या वर असताना तो गिअर टाकायचा नाही.

हा तक्ता स्वतःच्या गाडीसाठी करायला कागद-पेन्सिल पुरते. गिअरचं आणि डिफरन्शियलचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात असतं, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. चाकाचा घेर मोजायला टायरवर खडूची रेघ ओढा, गाडी भरलेली असताना एक पूर्ण फेरा पुढे घ्या आणि जमिनीवर उमटलेल्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. भरलेली असताना, कारण लोडखाली टायर दबतो आणि घेर कमी होतो. मग ताशी वेगाला १,००० ने गुणायचं, ६० ने भागायचं, घेराने भागायचं आणि दोन्ही प्रमाणांनी गुणायचं.

टायरचा साइज बदलला असेल तर हिशेब नव्याने करावा लागेल. काही जण जास्त माल बसावा म्हणून मोठे टायर टाकतात. घेर दहा टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर दहा टक्के जड होतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. अशा गाडीत ४० ला चौथा गिअर म्हणजे १,३६० ऐवजी १,२४० आरपीएम. तुळजापूरच्या चढावर ती गाडी चौथ्यात आणखी लवकर मरेल.